कूपेच्या बदल्यात

शोरूममधल्या टायवाल्या विक्रेत्याने माझ्या कूपेभोवती एक चक्कर मारली आणि असा चेहरा केला, जसं काही मी त्याच्या दारात मेलेलं जनावर आणून टाकलंय. "छान ठेवलीय हो मॅडम, वयाच्या मानाने," तो म्हणाला. गाडी अकरा वर्षांची, मी एकसष्टची. दोघींना त्याने एका वाक्यात निकालात काढलं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

मला ही गाडी विकायची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. म्हणजे तीस वर्षं मी दुसऱ्याच्या शेजारी बसून, दुसऱ्याच्या चुकांवर डोळा ठेवून, माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत जगले. पन्नाशी झाली त्या वर्षी ही लाल, बुटकी, दोन दारांची गाडी घेतली. नातेवाईक म्हणाले, म्हातारपणी हे काय खूळ? मी म्हटलं, माझं खूळ आहे, तुम्हाला कुठे बसायला बोलावलंय?

पण मग नात झाली. ती शाळेत जायला लागल्यापासून दर बुधवारी तिला शाळेतून आणायचं काम माझं. बुधवारी दुपारी तीन ते रात्री आठ ती माझी असायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मी त्या पाच तासांसाठी ढकलत होते, यात लाजण्यासारखं काही नाही. दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी एक बस मला घासून पुढे गेली. मी त्या बसवाल्याला चार शब्द सुनावत होते, तेवढ्यात गाडी फुटपाथवरच्या खांबाला टेकली. मी 'टेकली' म्हणते, माझी सून 'आपटली' म्हणते. नातीच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि माझे बुधवार बंद झाले.

मुलगा दातांचा डॉक्टर आहे. दुखणार नाही, दुखणार नाही म्हणत सुई खुपसायची त्याला सवय. तो मला म्हणाला, "आई, तुझा प्रश्नच नाहीये. त्या गाडीची मागची सीट लहान मुलांसाठी नाहीच. चार दारांची एखादी छोटी एसयूव्ही घे, मग बुधवारचं बघू." बघू! स्वतःच्या नातीसाठी मला बघू ऐकून घ्यावं लागत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी टेस्ट ड्राइव्हला यायला तयार झाले.

मुलगा आधीच शोरूमवर येऊन थांबला होता. सोबत एक सडपातळ, गंभीर माणूस. "हा माझा मित्र. गाड्यांतलं कळतं त्याला," मुलगा म्हणाला. मित्राने मान हलवली आणि खिशातून छोटी वही काढली. गाडी घ्यायला आलो होतो की पंचनामा करायला, कळेना.

एसयूव्हीत मी बसले तर शिडीवर बसल्यासारखं वाटलं. सगळं जग खाली. टायवाला आणि मुलगा मागे बसले, वहीवाला माझ्या शेजारी. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. माझा डावा पाय नोकरी गेलेल्या माणसासारखा तिथे नुसता पडून होता.

"मॅडम, डिकी बघितलीत ना? दोन मोठ्या बॅगा आणि वर एक बाबागाडी आरामात जाते," टायवाला मागून सुरू झाला.

"माझ्याकडे बाबागाडी नाही."

"पुढेमागे लागली तर..."

"एकसष्टाव्या वर्षी?" मी विचारलं, तेव्हा कुठे त्याची टकळी बंद झाली.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. गाडी वाईट नव्हती, हे कबूल करावं लागेल. पण रस्ता म्हणजे मूर्खांचा बाजार भरला होता. एक सायकलवाला मधूनच आडवा आला. "घरी सांगून आलायस का रे?" मी काच खाली करून विचारलं. पुढची बाई हिरव्या दिव्यावरसुद्धा आरशात ओठ रंगवत होती. तिलाही मी तिच्या कामाची आठवण करून दिली. सामानाची एक व्हॅन इंडिकेटर न देता वळली, तिच्या ड्रायव्हरला मी त्याच्या शिकवणाऱ्यासकट काय ते ऐकवलं. त्या शिकवणाऱ्याची मला खरोखर कीव आली. शेजारच्याने वहीत काहीतरी लिहिलं. मनात म्हटलं, लिही, तूही लिही.

"पुढच्या चौकात, सुरक्षित वाटेल तेव्हा उजवीकडे वळा," तो म्हणाला.

मी वळले. थोड्या वेळाने म्हणाला, "सोयीची जागा बघून रस्त्याच्या कडेला थांबवा." मी थांबवली. "आता पुन्हा निघा." मी आरसे बघितले, मान वळवून मागे बघितलं, निघाले. मग एका शांत गल्लीत त्याने मला गाडी तीन वळणांत उलट फिरवायला सांगितली. मी फिरवली, चाक फुटपाथला लागू न देता, एका दमात. मागून टायवाला "वा!" म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो मित्र म्हणाला, "आता सरळ जाऊ. मध्येच मी वही समोर आपटेन. आपटली की ताबडतोब गाडी थांबवायची."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी विकत घेणारा माणूस असं कधी बोलत नाही. तो म्हणतो, जरा पळवून बघा, एसी वाढवा, गाणी लावा. सुरक्षित वाटेल तेव्हा वळा, सोयीच्या जागी थांबवा, उलट फिरवा, आपटल्यावर थांबवा, हा क्रम एकाच जमातीचा. ती जमात तीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसत आली होती. लायसनची परीक्षा घेणारा माणूस माझ्या पोटच्या पोराने माझ्या शेजारी आणून बसवला होता.

"तुम्ही कुठल्या कचेरीत असता?" मी त्याला विचारलं.

तो दचकला. मागे मुलाने घसा साफ केला, आणि त्या आवाजावरून मला सगळं कळलं.

"मला वाटलंच! आईची परीक्षा! तीही चोरून!" माझा आवाज त्या बंद गाडीत मलाच मोठा वाटला. "अरे, अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली. तुला शिकवली. पहिल्या दिवशी क्लच सोडताना रडला होतास, विसरलास? आणि तुम्ही हो," मी शेजारच्याकडे वळले, "तुमच्यासारखे छप्पन्न बघितलेत मी. कोण कुठे नापास करणार, मी विद्यार्थ्यांना आधीच सांगायची. हिंमत असेल तर सरळ कागद घेऊन यायचं. मित्र म्हणे! बायकोने शिकवलं असेल हे याला, हे डोकं याचं नाहीच..."

"मॅडम, समोर बघा."

"समोर काय बघा! मला शिकवता? मी तुमच्या..."

गाडी थांबली.

मी थांबवली नाही. माझा पाय ब्रेकवर नव्हता. पायाखाली काहीतरी करकरलं, कर्कश शिट्टी वाजली, पट्टा छातीत रुतला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी समोर बघितलं. बॉनेटपासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती. डोळे दिपतील असं चकाकणारं पिवळं जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली उंच गोल पाटी. मुलांना शाळेसमोर रस्ता ओलांडून द्यायचं काम करणारी बाई. तिच्या मागे, झेब्रा क्रॉसिंगवर, पाच-सहा मुलं दप्तरं पाठीला लावून ओळीने उभी होती.

तिने ती पाटी बॉनेटवर धाडकन आपटली. "डोळे फुटले का गं तुझे?" ती ओरडली. "दिसत नाही एवढं? मुलं आहेत!"

काय सांगणार होते? ती दुरून दिसावी म्हणून तर तिला तसले कपडे दिले होते.

"बघितलंत?" मागून टायवाला म्हणाला. गाडीत खूश असलेला तो एकटाच होता. "बघितलंत मॅडम? आपोआप! पुढे माणूस आला की गाडी स्वतः ब्रेक मारते. हे मी तुम्हाला एरवी करून दाखवूच शकलो नसतो." मग त्याने आणखी एक वाक्य टाकलं, "जुन्या गाड्यांत हे नसतं."

नसतं. माझ्या गाडीत नाही.

मुलं पलीकडे गेली. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मग वहीवाल्याला म्हटलं, "दाखवा."

त्याने आढेवेढे न घेता वही पुढे केली. आरसे बरोबर, वळणं बरोबर, अंतर बरोबर, उलट फिरवणं उत्तम. 'उत्तम' हा शब्द तिथे लिहिलेला होता. खाली मात्र पेन्सिलीने उभ्या रेघा मारलेल्या होत्या. मी मोजल्या, चौदा.

"हे काय?"

"रस्ता सोडून तुम्ही जितक्या वेळा कोणाला तरी बोलायला वळलात, तितक्या," तो म्हणाला. "बावीस मिनिटांत. शेवटची अजून लिहायची राहिलीय."

"सरळ म्हणा ना, म्हातारी झाले म्हणून."

"वयाचं काही नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पंचविशीतल्या पोरांनाही मी याच कारणाने घरी पाठवलंय."

मी मुलाकडे वळून बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. शाळेत असताना प्रगतिपुस्तक लपवलं की असाच बघायचा.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तर मग मागची सीट लहान, चार दारं, हे सगळं कशाला? तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तोंडावर?" तो पहिल्यांदा तापला. "तुझ्या तोंडावर कोणी काही सांगू शकतं का, आई? बाबा सांगू शकले कधी? मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि तुला फोन करायच्या आधी मी पाणी पितो."

टायवाला दार उघडून खाली उतरला आणि चाकातली हवा तपासायला लागला. वहीवालाही उतरला.

"नातीचं बोल," मी म्हटलं. "माझं काय ते माझं. नातीला माझ्याकडे पाठवायची नाही, हे तुझ्या बायकोने ठरवलं ना?"

"तिने नाही ठरवलं."

"मग तू."

"मी पण नाही. पिल्लूच म्हणाली. आजीच्या गाडीत नको म्हणाली. आजी ओरडते."

"मी कधी ओरडले तिच्यावर?" मी ओरडले.

बाहेर टायवाल्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तिच्यावर नाही," मुलगा अगदी हळू म्हणाला. "रस्त्यावर. सगळ्यांवर. तू सुरू झालीस की ती पट्टा काढते आणि खाली उतरून बसते. तुझ्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत. कानांवर हात ठेवून. खांबाला गाडी लागली तेव्हाही तिथेच होती, म्हणून कपाळाला लागलं. गेल्या आठवड्यात मला करून दाखवलं तिने, कसं बसते ते. हसत दाखवत होती. तिला वाटतं, सगळीच मुलं आजीच्या गाडीत अशी बसतात."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हे मी खोटं नाही सांगणार. माझ्यावर येऊन पडलं होतं ते कोणाच्या तरी अंगावर लोटून द्यायचं होतं आणि हाताशी तोच होता. तीस वर्षं पट्टा लावल्याशिवाय एकालाही मी किल्ली फिरवू दिली नाही. आणि माझ्या मागे सहा वर्षांची पोर पट्टा काढून बसत होती आणि मी आरशात बघितलं नव्हतं, कारण मी बसवाल्याशी भांडत होते.

शोरूमपर्यंत गाडी मुलाने नेली. उतरल्या उतरल्या टायवाला फॉर्म घेऊन आला. त्यालाही पोट आहे, मी त्याला दोष देत नाही. "मॅडम, रंगाचं काही ठरलं? पांढरी लगेच मिळेल, लालला दीड महिना."

मी त्याला ओलांडून माझ्या कूपेपाशी गेले. दार उघडलं, पुढची सीट वाकवली आणि मागे शिरले. माझ्या गुडघ्यांनी बोंब मारली. आधी मी सीटवर बसले, मग एका हाताने आधार घेत खाली घसरले. चालवणाऱ्याच्या सीटमागे खाली टेकायला मला तीन दमांत जमलं. गुडघे हनुवटीला लागले. चटईवर एक चपटा झालेला बिस्किटाचा पुडा होता आणि केसांचा निळा चाप.

मुलगा धावत आला. "आई, काय करतेयस? बाहेर ये. लोक बघतायत."

"पुढे बस," मी म्हटलं. "चालव."

"आई, प्लीज."

"चालव म्हटलं ना!"

तो गप्पकन बसला. दार लागलं आणि इंजिन सुरू झालं. मी मान वर करून बघितलं. तिथून चालवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. नुसता आवाज येतो.