मालकाचे कान

कापसाच्या जिनिंग गिरणीच्या दारात आत्या तिसऱ्यांदा उभी होती, आणि याही वेळी मालक 'सोमवारी या' म्हणणार हे तिला ठाऊक होतं. सोमवार कुठला, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

बरोबर भाची होती. जन्मापासून ठार बहिरी, पण दोन्ही हात दिवसभर असे बडबडायचे की गावाने तिचं नावच साळुंकी ठेवलं होतं. बहिऱ्यांच्या शाळेतून बारावी झाली आणि तीन वर्षं घरात बसली. बाप आता म्हणत होता, "नोकरी लागत नाही तर उजवून टाकू. त्या बिजवराला मुकी बायको चालतेय." बिजवराला पन्नाशी लागलेली. आज रिकाम्या हाताने परतायचं नाही, असं आत्याने ठरवलंच होतं.

"इथं यंत्रं चालतात, बाई," मालक ओरडून म्हणाला. तो नेहमीच ओरडून बोलायचा. "मागून हाक मारली तर हिला कळायचं कसं? पट्ट्यात हात सापडला, तर निस्तरायचं कुणी?"

"कापसातला कचरा तर वेचायचाय. त्याला कान कशाला? डोळे लागतात, आणि ते हिचे घारीचे आहेत."

मालकाने मिस्त्रीकडे बघून कानाची पाळी चोळली. गिरणीत त्या खुणेचा अर्थ सगळ्यांना माहीत होता: टोलव यांना. साळुंकीला तो कुठून माहीत असणार? तिच्या शाळेत कानाला बोट म्हणजे बहिरा. पोरीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आत्याकडे वळून तिने भराभर हात नाचवले.

"काय म्हणते?" मालकाने विचारलं.

आत्या सरळ बाई. तिने जसंच्या तसं सांगून टाकलं. "म्हणते, मालकांनाही ऐकू येत नाही. आपल्यातलेच आहेत, मग कसली भीती?"

कचरा वेचणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या. मालक लाल झाला. "कोण म्हणतं? टाचणी पडली तरी ऐकतो मी."

चोराच्या मनात चांदणं. बावीस वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील कसे? पण मालकाला सांगणार कोण?

तेवढ्यात मागच्या दाराशी कापसाची गाडी लागली. मिस्त्री तिकडून म्हणाला, "मालक, गाडी आलीय." मालक ढिम्म. मिस्त्रीने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. मालक आपले कान किती तिखट आहेत तेच आत्याला ऐकवत होता. साळुंकीने मिस्त्रीचे ओठ हलताना पाहिले आणि मालकाची बाही ओढून मागे बोट दाखवलं.

मालक वळला. गाडीवाला कावलेला, मिस्त्री घसा खाकरत उभा. सगळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"उद्यापासून येऊ दे हिला," मालक मिस्त्रीला म्हणाला. "माझ्या खुर्चीजवळ बसव."

आत्याला रडूच आलं. घरी जाऊन तिने भावाला आधी ती बातमी सांगितली, पाणी नंतर प्यायली.

महिन्याने ती गिरणीत डोकावली. साळुंकी खुर्चीजवळ कापूस वेचत होती, नजर मात्र चारी दारांवर. कुणी हाक मारली की मालकाला कोपर, आणि तिकडे बोट. महिन्याभरात मालकाची एक हाक चुकली नव्हती. बहिरीवर केवढे उपकार केले, असं गाव म्हणत होतं आणि मालकही तेच सांगत होता.

"मालक, पोर कामाची आहे ना?" आत्याने दारातून विचारलं. दोनदा विचारलं. मग मालकाला कोपर बसलं आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"गुणाची आहे हो," मालक ओरडून म्हणाला. "ऐकू येत असतं, तर मुकादम केली असती."