अर्ध्याची रेघ

प्लेट बसेना.

"थोडी फिरवून बघते, मामा," भाची म्हणाली. तिनं फिरवली. वरचे दोन बोल्ट गेले, खालचे चार अडले. खालचे आधी घातले तर वरचे रुसले.

"ठोक जरा."

"ठोकून भोकं सरकतात होय?"

हे वाक्य माझं होतं. सोळा वर्षांपूर्वी ती वर्कशॉपात कामाला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला असंच झापलं होतं. आज ते माझ्याच तोंडावर आलं आणि मला हसूही आलं नाही.

गाडी दातांच्या डॉक्टरबाईंची. दोनच सीटांची, लांब नाकाची, बाईंपेक्षा वयानं मोठी. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि सुट्टीला घाटरस्त्यांवर रॅलीत गाडी पिटाळायची, हा बाईंचा छंद. गाडीचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं आणि भलतंच नाजूक. त्यातलं काही मोडलं की परदेशातून पार्ट यायला चार महिने. म्हणून बाईंनी ठरवलं, ते इंजिन काढून घरी नीट झाकून ठेवायचं आणि रॅलीसाठी माल वाहणाऱ्या व्हॅनचं स्वस्तातलं इंजिन घालायचं. फुटलं तर कुठल्याही भंगारवाल्याकडे दुसरं मिळतं.

माझं डोकंच फिरलं होतं. "बाई, अहो सुटाबुटावर रबरी चपला घालताय तुम्ही!" मी म्हणालो होतो.

"चपला घालून पळता येतं, मामा," बाई म्हणाल्या. भाची मामा म्हणते म्हणून गिऱ्हाइकंही मला मामाच म्हणतात.

तर हे व्हॅनचं इंजिन आणि त्या गाडीचा गिअरबॉक्स, यांची सोयरीक मुळात जमणारी नव्हती. दोघांच्या बोल्टांच्या जागा वेगळ्या. अशा वेळी मध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक जाड प्लेट घालतात. तिच्यात काही भोकं इंजिनाची, काही गिअरबॉक्सची. भोकांच्या जागा उतरवायला साधा पुठ्ठा लागतो. एक पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर धरून ठोकायचा, दुसरा गिअरबॉक्सच्या, की भोकांचे ठसे उठतात. मग दोन्ही प्लेटवर ठेवून खुणा करायच्या. फक्त एक पुठ्ठा उताणा आणि एक पालथा ठेवायचा, कारण जोडताना दोघं समोरासमोर येतात. समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताकडे येतो, तसं. कामाला लागल्यावर दुसऱ्या दिवशी शिकवतात ते हे.

मी दोन्ही पुठ्ठे उताणेच ठेवले होते.

हे मला कळलं तेव्हा मी प्लेट हातात धरून उभा होतो, आणि भाची माझ्याकडे बघत नव्हती. ती पाना पुसत होती. पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होती. एकेचाळीस वर्षं मी लेथवर कातकाम करत उभा आहे. मी बनवलेला नग परत आला, असं कुणी म्हणून दाखवावं. आणि आता ही मोठी ताटाएवढी प्लेट, फुकट!

"चिडा ना माझ्यावर," मी उगाच म्हणालो. रागाच्या भरात मी भाचीलाही अहोजाहो करतो.

"त्यात काय चिडायचं? होतं एखाद्या वेळी. डॉक्टरबाईंना सांगून येते, एक दिवस जास्त लागेल म्हणून. दवाखाना काय, कोपऱ्यावर तर आहे." आणि ती गेलीसुद्धा.

तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. इतकी शहाण्यासारखी वागली, त्याचीच भीती वाटली.

दुसरी प्लेट कापायला जाड पत्रा हवा होता. उरलेले तुकडे तिच्या टेबलाखाली असतात, म्हणून मी तिथं खाली बसून शोधायला लागलो. तुकड्यांच्या मागे एक लाकडी पेटी होती, वर फडकं टाकलेलं. फडकं काढलं. आत मधोमध भोक असलेले यंत्रांचे भाग, बुश होते, कॉलर होत्या, दोन पुल्या होत्या. एकूण अकरा नग. प्रत्येकाला तारेनं एक चिठ्ठी बांधलेली.

नग माझे होते. टर्नरला आपलं काम ओळखायला सही लागत नाही. कडा मी कशा मोडतो ते मला माहीत आहे. पण हे सगळे तर कधीच गिऱ्हाइकांकडे गेले होते! मीच माझ्या हातानं कागदात गुंडाळून दिले होते. मग ते इथं कसे?

मी पहिली चिठ्ठी वाचली. भाचीचं अक्षर. तारीख आणि खाली, 'भोक अर्ध्यानं मोठं.' दुसरी, 'अर्ध्यानं मोठं.' तिसरी, चौथी, सगळ्यांवर तेच. तारखा दोन वर्षांपूर्वीपासूनच्या.

बारीक मापं घ्यायच्या मायक्रोमीटरच्या दांड्यावर पुऱ्या मिलिमीटरच्या रेघा असतात, आणि त्यांच्या खाली, मधोमध, अर्ध्याच्या बारीक रेघा. ती अर्ध्याची रेघ बघायची राहिली, की माणूस साडेवीसला वीस वाचतो. वीसच झालंय म्हणून आणखी खरवडतो, आणि भोक मोठं होऊन बसतं. ही नवशिक्यांची चूक. यावरून मी कितीतरी जणांची खिल्ली उडवली आहे.

पेटीतली एक पुली डॉक्टरबाईंच्या कॉम्प्रेसरची होती. दवाखान्यातला, दात कोरायच्या यंत्राला हवा देतो तो. ती पुली बाईंना देण्याआधी मी तिच्या भोकात बोट फिरवलं होतं. काचेसारखं गुळगुळीत. भाचीला हाक मारून म्हणालो होतो, "बघ, याला म्हणतात हात!" ती म्हणाली होती, "हो मामा."

म्हणजे गिऱ्हाइकांकडे गेले ते नग दुसऱ्याच कुणी केलेले. मग मी कुणाच्या हाताचं कौतुक करत होतो?

भाची परत आली तेव्हा मी जमिनीवरच बसलेलो होतो. पेटी मांडीवर. तिनं चप्पल काढता काढता पाहिलं आणि जागीच उभी राहिली.

"कुणाकडून करून घेतलेस?" मी विचारलं.

"मामा..."

"बाजारातल्या त्या टर्नरकडून? तो तर हसला असेल मला पोट धरून."

"कुणाकडून नाही. मीच केले. रविवारी."

"माझ्या लेथवर?"

"दुसरा लेथ आहे का आपल्याकडे?"

लेथला हात लावायचा नाही, हा मी तिला पहिल्या दिवशी घातलेला नियम. तुझं काम इंजिनं जोडायचं, कातकाम माझं. तिला शिकवलं असतं तर माझं काय बिघडत होतं, ते आज सांगता येणार नाही. पण नाही शिकवलं. सोळा वर्षं पाठीमागून बघून बघून ती शिकली, आणि माझ्याहून चांगलं शिकली.

"बोलली का नाहीस?"

ती माझ्याजवळ खाली बसली. "आधी वाटलं, एखादवेळ असेल. मग वाटलं, डोळ्यांचं असेल. तुम्हाला चष्मा बदला म्हटलं, तर तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत माझ्याशी. आठवतंय? डोळ्यांचंच आहे मामा. बारीक रेघ दिसत नाही, दुसरं काही नाही."

हे मला एवढं आवडलं की काय सांगू. डोळे! डोळ्यांवर औषध आहे, चष्मा आहे. मी हो म्हणणारच होतो. पण टेबलावर ती प्लेट पडली होती. पुठ्ठा केवढा मोठा, त्याला काय डोळे लागतात? मला पुठ्ठा स्वच्छ दिसत होता. तो पालथा घालायचा असतो, एवढंच त्या वेळी डोक्यात नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं.

"ही प्लेट तू कर," मी शेवटी म्हणालो.

"तुम्ही बघाल ना?"

"बघेन. तू माझं बघत होतीस तसं."

ती रडायला लागली, आणि मग मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लेट केली. मी स्टुलावर हात मागे बांधून बसलो. तोंड दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. संध्याकाळी प्लेट इंजिनाला लागली, इंजिन गिअरबॉक्सला लागलं, सगळे बोल्ट बोटांनी आत गेले. हातोडीची गरज पडली नाही.

शनिवारी दुपारी डॉक्टरबाई आल्या. वाकून खालून प्लेट बघितली, कडेवरून बोट फिरवलं. "मामा, तुमचा हात तो तुमचाच हात!"

भाची पटकन मला डोळ्यांनी नको म्हणाली. हो म्हणून टाकणं फार सोपं होतं.

"हा माझा हात नाही," मी म्हणालो. "माझी प्लेट चुकली. ही तिनं केली आहे. तुमच्या कॉम्प्रेसरची पुलीसुद्धा तिचीच."

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. त्या प्लेटच्या मागेच इंजिनाचं जड चाक मिनिटाला सहा हजार फेरे घेत फिरतं. प्लेट केसभर इकडेतिकडे असली तर हादऱ्यानं चाक फुटू शकतं, आणि ते फुटलं तर पत्रा फाडून थेट पायांवर येतं. बाईंचे पाय एका बाजूला, शेजारी नकाशा वाचायला बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचे दुसऱ्या बाजूला.

"हिनं याआधी असं काम..." बाई अडखळल्या. "तसं नाही गं, तुझ्यावर अविश्वास नाही, पण... उद्या रॅली आहे."

एका शब्दानं दोन वर्षांची पेटी समोर ठेवता आली असती भाचीला. पण ती जमिनीकडे बघत राहिली.

मी गाडीचं डावं दार उघडलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत मी उभ्या जन्मात बसलेलो नाही, आणि ही गाडी इतकी बुटकी, की बसताना गुडघे हनुवटीला लागले. पाय पुढे लांब केले, पार त्या पत्र्याला टेकेपर्यंत. पट्टा कसा लावतात ते कळेना. भाचीनंच वाकून लावला.

"चालवा," मी बाईंना म्हणालो. "सहा हजारपर्यंत न्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर बसल्या. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला. व्हॅनचं इंजिन ते, आवाज अगदीच गावठी, पण चढलं. चार हजार. पाच. मी बूट काढून ठेवले होते. तळवे पत्र्याला लावून मी शोधत होतो. एवढ्या वर्षांत मशीनचा आजार मला हातापायांना आधी कळत आलाय, कानाला नंतर. सहा हजारला बाईंनी काटा धरून ठेवला, आणि मी बारीकशी थरथर शोधत राहिलो.

ती सापडावी असं मला वाटत होतं. हे कळलं आणि मी हादरलो. माझ्या बहिणीची पोर, माझेच पाय तिच्या कामाला टेकलेले, आणि मनात कुठंतरी मी तिची चूक शोधत होतो!

परत आलो तेव्हा भाची फाटकात उभी होती, आम्ही गेलो तेव्हा होती तिथंच. बाईंनी इंजिन बंद केलं. ती माझ्या बाजूला आली, खिडकीत वाकली.

"काय मामा?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "पायांना काहीच लागलं नाही."

तिनं मान हलवली. मग दार उघडून, माझे बूट उचलून तिनं माझ्यासमोर सरळ करून ठेवले. मी उतरायला हात पुढे केला, आणि तिनं तो धरला.