मिठावर ठरलेली सोयरीक

धारूरच्या भगवानरावांनी पाव्हण्यांपुढं गूळ-पाणी ठेवलं. सुंदररावांनी पाणी तेवढं घेतलं आणि गूळ मागं सारला. दाराआडून सुंदररावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी ते बघितलं. सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापानं गूळ नाकारायचा म्हणजे सोयरीक मोडायचीच की! दिंद्रुडहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलो ते यासाठी?

हकिमानं सुंदररावांना वर्षापूर्वीच बजावलं होतं: मधुमेह आहे, गूळ-साखर बंद, भात बंद, भाकरी बेतानं, रोज पायी चालायचं. भावकीला हे सांगता सांगता बाईंची जीभ झिजली. जो तो म्हणे, "एका खड्यानं काय होतंय?" अशा एकेका खड्यानं पायाची जखम चिघळली, माणूस जाता जाता वाचला. तरी आज त्यांनीच बायकोला शपथ घातली होती, की आजाराचं नाव काढायचं नाही, लेकीचं, विमलचं लग्न मोडेल.

भगवानरावांचा चेहरा उतरला. "कावून हो पाव्हणं? आमचं पोरगं पसंत न्हाई का?"

सुंदररावांचा हात मुकाट्यानं गुळाकडं गेला. शपथ गेली चुलीत! पदर सावरत वच्छलाबाई थेट पुरुषांच्या बैठकीत आल्या.

"पोरगं लई पसंत हाय. पर ह्यांना मधुमेह हाय, गोड चालत न्हाई. लघवीला मुंग्या लागत्यात."

सुंदररावांनी मान खाली घातली.

"लपवलं, ही चूक आमची. पर शिवल्यानं, संगं जेवल्यानं हे कुणाला होत न्हाई. तोंड आवरलं की माणूस संसार करतो. आग्रह करणारी माणसं तेवढी आवरत न्हाईत."

मग भगवानरावांची म्हातारी आई, चंद्रभागाबाई, खदखदून हसली. "अगं बाई, एवढंच व्हय! आमाला वाटलं, नातवात खोट काढली!" तिनं आतून भाकरी आणि मीठ मागवलं. "गूळ राहू द्या. आमचं मीठ खा, पाव्हणं. मिठाला जागावं लागतंय."

सुंदररावांनी भाकरीचा तुकडा मिठाला लावून खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले.

दुपारच्या पंगतीत वाढप्यानं "एकच घ्या" म्हणत त्यांच्या ताटावर पुरणपोळी धरली. वच्छलाबाई तोंड उघडणार, तोच चंद्रभागाबाई कडाडली, "सरक तिकडं! आमच्या व्याह्याला मारतो का?"

वर्षभरात पहिल्यांदाच वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या ताटाकडं न बघता स्वतःची पोळी गरम गरम खाल्ली.