बंगला विकणे आहे, एजंट क्षमस्व

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर तुम्हाला शाळा आठवली असेल, तर विसरा. मी पत्र्याची पाटी. लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर एक बसका कौलारू बंगला आहे, त्याच्या फाटकाला मी तारेनं बांधलेली होते. माझ्यावर लिहिलं आहे, 'बंगला विकणे आहे. मालकांना भेटा. एजंट क्षमस्व.' एवढ्या तीन ओळींपायी मी जे पाहिलं, ते तुम्हाला सांगते. गोष्ट गोड नाही. गोड हवं असेल तर माझी पाठ वाचा. तिथं अजून एका चिक्कीच्या दुकानाचं नाव पुसटसं दिसतं.

ते दुकान बंद पडलं आणि त्याचा पत्रा पेंटर पप्पूच्या हाती लागला. पप्पू जवळच्या कार्ला गावचा. घरची भातशेती, पण हात ब्रशवर बसलेला. त्यानं मला खसाखसा घासलं, पांढरा रंग दिला आणि निळी अक्षरं काढायला घेतली. बंगल्याचे मालक अनंतराव समोर उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ मानेचे गृहस्थ.

"भाऊ, एजंट क्षमस्व लिवायचंच का?" पप्पूनं विचारलं.

"लिहायचंच. माझ्या घराचा भाव मी ठरवणार."

"मग काय! लय ठसठशीत काढतो. म्हैन्याभरात खाली उतरवाल बघा."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. पाटीचं नशीब उलटं असतं, मित्रांनो. जी लवकर उतरते ती भाग्याची. मी वर्षानुवर्षं लटकले.

बंगला कुणी हौसेनं विकायला काढला नव्हता. अनंतरावांच्या पत्नी रजनीबाई, आयुष्यभर शाळेत शिकवत आलेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना दमा जडला होता. लोणावळ्याचा पाऊस तुम्ही सहलीला येऊन बघता, भजी खाता आणि घरी जाता. इथं राहणाऱ्यांच्या भिंती दिवाळीपर्यंत वाळत नाहीत. कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, गाद्या गार आणि दमट लागतात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, या ओलीतून बाहेर पडा. तळेगावला त्यांची लेक वल्लरी राहायची. तिच्या शेजारच्या इमारतीत एक भरपूर उन्हाचा, कोरडा फ्लॅट विकायला होता. बंगला विकायचा आणि तो घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं.

पण अनंतरावांच्या डोक्यात शेजारचा बंगला ठाण मांडून बसला होता. टाळेबंदी उठल्यावर मुंबईकर डोंगरात घरं घ्यायला धावले, तेव्हा तो भलत्याच चढ्या भावात गेला. अनंतरावांनी तोच भाव मनात धरला. पुढे ती लाट ओसरली. तुंगार्लीत फाटकाफाटकावर माझ्या बहिणी झळकू लागल्या. गिऱ्हाईक यायचं, घर बघायचं, कमी भाव सांगायचं आणि जायचं. अनंतराव म्हणायचे, "पडत्या भावात विकायला माझं काही अडलेलं नाही." अडलेलं होतं. आतल्या खोलीत रजनीबाईंचा श्वास अडत होता.

रजनीबाईंचा हिशेब सरळ होता. "अहो, आपलं स्वस्तात जाईल, पण तळेगावचंही स्वस्तातच मिळतंय ना? मंदी काय फक्त आपल्याच फाटकाशी आलीय?"

"तुला व्यवहार कळत नाही," अनंतराव म्हणायचे. चौथीच्या पोरांना नफा-तोटा शिकवण्यात जिचा जन्म गेला, तिला!

वल्लरी दर रविवारी यायची आणि काकुळतीला यायची. "बाबा, विकलं जाईपर्यंत दोघं माझ्याकडे चला."

"लेकीच्या घरी मुक्काम टाकायचा? आमच्यात ते चालत नाही."

"मग तळेगावात भाड्यानं राहा."

"स्वतःचा बंगला असताना भाडेकरू व्हायचं? लोक शेण घालतील तोंडात."

रजनीबाईंना एकटीला जाता आलं असतं. पण यांना साधा चहा करता येत नाही, म्हणून त्या मागं राहिल्या. मला त्यांचाही राग येतो. खोटं कशाला बोलू?

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पाऊस सुरू होण्याच्या आधी इथले काही मालक आपापल्या पाट्या उतरवतात. ओली भिंत गिऱ्हाइकाला दिसली की भाव पडतो. म्हणून घर दाखवायचं ते दिवाळीनंतर, भिंतीला रंगाचा हात मारून. अनंतरावही मला उतरवायचे आणि झोपायच्या खोलीत, कपाटाच्या मागं सरकवून ठेवायचे. त्या भिंतीला पाणी सुटायचं. माझे कोपरे गंजले ते तिथंच. रजनीबाईंचा पलंग हातभर अंतरावर होता. रोज संध्याकाळी त्या उशा रचून बसायच्या आणि छातीतून शिट्टी वाजायची. मी पत्रा आहे, मला कान झाकता येत नाहीत.

उन्हाळ्यात मी फाटकावर असायचे, तेव्हाही गंमत संपायची नाही. गिऱ्हाईक आलं की अनंतराव घाईघाईनं म्हणायचे, "रजनी, तू जरा मागं बयाबाईकडे जाऊन बस." बयाबाई म्हणजे घरकाम करणारी, परसातल्या खोलीत राहणारी मावळची बाई. रजनीबाईंचा खोकला कानावर पडला की लोक भिंतींना हात लावून बघतात, ही अनंतरावांची भीती.

"अहो, मी काय वाळवी आहे का लपवायला?" रजनीबाई हसून म्हणायच्या आणि पदर तोंडाशी धरून मागल्या दारानं जायच्या. त्या हसायच्या, म्हणून अनंतरावांना वाटायचं की त्यांना त्याचं काही नाही.

एका श्रावणात मी कपाटामागं असताना गिऱ्हाईक आलं. सारिका नावाची एक बाई आणि तिचा नवरा. उन्हाळ्यात त्यांनी मला वाचलं होतं. रजनीबाईंना नेहमीप्रमाणे मागं धाडण्यात आलं.

"काका, घर पावसातच बघावं म्हटलं," सारिका म्हणाली. तिनं सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. कपाटामागं डोकावली आणि हसली. "अगंबाई, पाटी इथं लपलीय होय! अहो, ओल कुठं नाही लोणावळ्यात? आम्ही शनिवार-रविवारपुरते येणार. आम्हाला चालेल."

तिनं सांगितलेला भाव शेजारच्या बंगल्यापेक्षा कमी होता, पण वाजवी होता. तेवढ्या पैशांत तळेगावचा फ्लॅट येत होता. अनंतराव मनात शेजारच्या बंगल्याचा भाव घोळवत होते. आणि मागल्या दारातून रजनीबाई आत आल्या. पावसात भिजलेल्या, भिंतीला धरून उभ्या. बोलायला श्वास पुरत नव्हता.

"द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "अहो, द्या."

अनंतरावांचा चेहरा पडला. एवढं लपवलेलं परक्यांच्या पुढं उघडं पडलं, याचीच त्यांना लाज वाटली. "दिवाळीनंतर बघू," ते सारिकेला म्हणाले. "बाजार वर येण्याची चिन्हं आहेत."

मागोमाग आलेली बयाबाई दारातूनच बोलली, "भाऊ, बाजार काय पळून चाललाय व्हय? बाईंची छाती रातध्याड वाजती. आमी ऐकतो ना तितं मागं."

"तू तुझं काम कर."

सारिका आणि तिचा नवरा छत्री उघडून निघून गेले. रजनीबाई पलंगावर बसल्या. त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मला त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

गौरी बसायच्या आधीच एका दुपारी त्यांना धाप लागली, ती थांबेना. शेवटी त्या तळेगावला गेल्या, पण रुग्णवाहिकेतून. तिथल्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

त्या दिवाळीला अनंतरावांनी मला बाहेर काढलं नाही. पुढचाही पाऊस मी त्याच भिंतीशी काढला. पलंग रिकामा होता. बयाबाई दोन वेळचा डबा ठेवून जायची आणि अनंतराव तो गार झाल्यावर कधीतरी खायचे. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

मग बाजार सावरला. का सावरला ते मला ठाऊक नाही. का पडला होता तेही कधी कळलं नव्हतं. वल्लरीनंच मला ओढून काढलं, पुसलं आणि फाटकाला बांधलं. थोड्याच दिवसांत मुंबईचं एक कुटुंब आलं आणि अनंतराव म्हणाले तो भाव त्यांनी मान्य केला. शेजारच्या बंगल्यापेक्षा कणभर जास्तच.

बातमी आळीत पसरली. समोरचे यशोधन फाटकापाशी येऊन अनंतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं तुम्हाला! सगळ्यांनी घाई केली, तुम्ही धीर धरलात. शिकावं तुमच्याकडून."

अनंतरावांची मान सवयीनं ताठ झाली. यशोधन गेल्यावर ते वल्लरीकडे वळले. ती माझी तार सोडवत होती.

"वल्लरी, तो तळेगावचा फ्लॅट अजून आहे का गं?"

"तो कधीच गेला, बाबा. त्याच इमारतीत दुसरा आहे." तिनं तार ओढून काढली. "पण आता सगळंच महागलंय. तुम्हाला इथं जेवढं जास्त मिळालं, तेवढंच तिथं जास्त द्यायचंय."

अनंतरावांनी फाटक धरलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे रजनी म्हणत होती तेच."

"हो," वल्लरी म्हणाली आणि मला काखेत मारून आत गेली. मागं वळून तिनं पाहिलं नाही.

आता मी बयाबाईच्या खुराड्यावर कोंबड्यांना आडोसा म्हणून पडले आहे. मला रंगवा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पत्र्याचं काय, गंजतो. पण मित्रांनो, तुमच्या घरात कधी 'थोडं थांबू, भाव येईल' असं बोलणं निघालं, तर मोठ्यांच्या मध्ये बोलू नये हा नियम खुशाल मोडा. भाव येतो, तो मी माझ्या डोळ्यांनी येताना पाहिला आहे. तुम्ही फक्त एवढं विचारा, की तो येईपर्यंत घरात कोण कोण असेल?