पहाटेचं लॉगिन

दानियलनं स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि चहा तसाच बाजूला सारला. दवाखान्याच्या डेटाबेसमध्ये कोणीही शिरलं, की कुणाच्या नावानं आणि कोणत्या मशीनवरून, हे आपोआप टिपून घेणारा ट्रिगर त्यानं कालच लावला होता. आज पहाटेची नोंद सांगत होती: निर्मला सिस्टर, जुन्या केसपेपर खोलीतलं मशीन. सिस्टर तर तो इथं रुजू व्हायच्या आधीच निवृत्त झाल्या होत्या.

"त्यांच्या नावानं कोणीतरी पेशंटची माहिती चोरतंय," व्यवस्थापक शमुवेल सर म्हणाले. "उद्या पकडा त्याला. पोलिसांतच देतो."

दानियलला ते मनापासून पटलं. सुरतची चांगली नोकरी सोडून तो या डोंगरात आला होता, ते उगाच नाही. त्याची मुलगी इथंच, बायकोच्या माहेरी, दिवस भरायच्या आधीच जन्मली. याच दवाखान्यानं तिला काचेच्या पेटीत ऊब दिली, आणि श्वास अडखळू लागला तसं तातडीनं सुरतला पोचवलं. पोर वाचली. अशा घरात चोर शिरलेला त्याला खपणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो केसपेपर खोलीपाशी गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुद्द निर्मला सिस्टरच बसल्या होत्या, नाक स्क्रीनला टेकेल इतक्या जवळ. एक नाव वाचायच्या, डोळे मिटायच्या, मग पुढचं.

"सुकराम. धनुबाई. दलसिंग."

भरती पेशंटची यादी संपली. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आणि सीमाची बेबी."

दानियलचा हात कडीवरच राहिला. नाव न ठेवलेल्या बाळाला दवाखान्यात आईच्या नावानंच ओळखतात. सीमा त्याची बायको.

"ती यादीत नाही, सिस्टर," तो कसाबसा म्हणाला.

"नाहीच. सुरतला नेली तिला. पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, मग सोडू कशी?" त्यांनी वळून पाहिलं. "आधी खाटांमधून फिरून नावं घ्यायचे. आता गुडघे ऐकत नाहीत. नाव न घेता प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट."

मुलीचं सांगणं त्यानं मागं ठेवलं. आधी अवघड तेच बोलून टाकलं त्यानं. "हे खातं मला बंद करावं लागेल."

"कर. आजाऱ्याची माहिती अशी कोणी बघू नये, बरोबरच आहे." त्यांनी स्वतःच मशीन बंद केलं.

खातं बंद करून त्यानं सरांना सगळं सांगितलं. सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या सकाळी दानियल खाटेखाटेपाशी विचारत फिरला, "प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

"मन्हा देव येगळा शे भाऊ," कमलीबाई म्हणाली. "पन ले नाव. दोन देवस्ले माहीत ऱ्हायनं तं बरंच शे."

दवाखान्याच्या आवारातच सिस्टरांचं घर होतं; तिथल्या ओट्यावर बसून त्यानं एकेक नाव सांगितलं. प्रत्येक नावाला त्या डोळे मिटत होत्या.

"आणि प्रिस्किला," शेवटी तो म्हणाला.

"कोणत्या वॉर्डात?"

"घरी आहे. येईल त्याचा चष्मा ओढते." तो जवळ सरकला. "सीमाची बेबी, सिस्टर. माझी मुलगी."

सिस्टरांनी पदरानं डोळे पुसले, मग मान हलवली.

"मग तिचं नाव शेवटी कसं? मागणं नंतर, आभार आधी." त्यांनी हात पुन्हा जोडले. "चल, पहिल्यापासून घेऊ. प्रिस्किला."