आतोबा काय पुटपुटतात

फोनवर काही नवं सापडलं की ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे घरात माझं नावच ‘शोधाशोध’ पडलंय. आत्याच्या शिवणाच्या दुकानात मी असे कितीतरी शोध घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. झाडाचा फोटो काढला की त्याचं नाव सांगणारं अ‍ॅप मी तिच्या काउंटरवरच्या कुंडीवर रोखलं, तर त्याने प्लॅस्टिकच्या पानांना मोठ्या विश्वासाने नेचा म्हटलं. जगभरातले रेडिओ ऐकवणारी वेबसाइट दाखवली तेव्हा आत्या म्हणाली, “मला शेजारच्या खुर्चीतलं ऐकू येत नाही, जगाचं काय घेऊन बसलीस.”

ते खरंच होतं. आठ वर्षांपासून तिचे कान जवळजवळ गेलेच होते. कानातलं यंत्र तिने दोन आठवडे वापरून बघितलं. पण शिलाई मशीनचा खडखडाट त्यातून डोक्यात घण घातल्यासारखा वाजायचा, म्हणून ते बटणांच्या डब्यात गेलं. गिऱ्हाइकं कागदावर लिहून द्यायची. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, समोरच्या टेबलावर काजं करत बसायचे आणि कामाचं तेवढं खडूने फळीवर लिहायचे. बाकी दिवसभर त्यांचे ओठ हलत असायचे. ते आपल्या नावाने खडे फोडतात, अशी आत्याची ठाम समजूत होती.

“काय पुटपुटताय?” ती मशीन न थांबवता विचारायची. ते नुसती मान हलवून सुई पुढे ढकलायचे.

एका सोमवारी मी तिच्या फोनवर एक अ‍ॅप घातलं. समोरचा जे बोलेल ते लगेच पडद्यावर लिहून दाखवणारं. फोन दोऱ्याच्या रिळाला टेकवून मशीनशेजारी उभा केला, तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आपला कोट घेऊन आल्या. त्या बोलल्या आणि पडद्यावर उमटलं, ‘कांद्यात जरा सैल करा.’

आत्याने ते दोनदा वाचलं. “कांद्यात?”

बाईंनी खांद्यावर हात ठेवून दाखवला. आत्याला इतकं हसू आलं की ओठांत धरलेल्या टाचण्या तिला घाईघाईने काढून ठेवाव्या लागल्या.

“राहू दे हे,” ती मला म्हणाली. माझा पहिला शोध पास झाला.

पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. मी गेल्यावर दुकानात दोघंच उरली. बाही जोडून झाली, तिने मशीन थांबवलं, आणि दोरा ओवताना तिची नजर फोनवर गेली. तिथे ओळी सरकत होत्या. ‘बाही बघा कशी बसवलीय. एक सुरकुती नाही. तीस वर्षं सुई हातात आहे, पण मला नाही जमली अशी.’

दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

ओवलेला दोरा आत्याने काढला आणि पुन्हा ओवला. त्यानंतर तीन दिवस ती चोरून वाचत राहिली. मशीन थांबवायला तिला हजार निमित्तं सापडली. ‘उकडतंय आज’ असं आलं की ती उठून खिडकी उघडायची. ‘चष्मा कुठे ठेवला कोण जाणे’ आलं की कपाटावरचा चष्मा मुकाट्याने त्यांच्यापुढे आणून ठेवायची. ‘हिला मनातलं कळायला लागलं की काय,’ हेही तिने वाचलं आणि मान खाली घालून शिवत राहिली.

गुरुवारी एक गृहस्थ तिसऱ्यांदा तीच पँट परत देऊन गेले. त्यांची पाठ वळताच आतोबा पुटपुटले, “आधी म्हणे आखूड, आता म्हणे लांब. पँट तीच आहे. माणूसच धुण्यात आटला असेल.”

आत्या खदखदून हसली.

आतोबांची सुई हवेतच राहिली. आत्याने फोन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून आपलंच वाक्य वाचलं आणि फोन परत तिच्याकडे फिरवला.

“म्हणजे कालपासून?”

“सोमवारपासून.”

आतोबांचे कान लाल झाले. दुपारभर ते गप्प बसले. पडदा कोराच. शेवटी आत्यालाच राहवेना.

“अहो, बोला की. सवय लागलीय मला.”

“तू वाचतेस म्हटल्यावर काही सुचत नाही.”

“मग इतकी वर्षं कुणाशी बोलत होता?”

“तुझ्याशीच,” आतोबा म्हणाले. “तुला ऐकू येईना झालं म्हणून मी थांबायचं का?”

आत्याने ते वाचलं, मग बराच वेळ मशीन सुरूच केलं नाही. आतोबांनी आपलं स्टूल उचलून तिच्या शेजारी आणून ठेवलं.

पुढच्या रविवारी मी गेले, तर दोघं अस्तराच्या रंगावरून कचाकचा भांडत होती. आतोबा बातम्या वाचल्यासारखा एकेक शब्द सुटा बोलत होते, आणि वाक्य पूर्ण उमटायच्या आत आत्या त्याला उत्तर देत होती. माझ्याकडे लक्ष जायला दोघांना जरा वेळच लागला.

“बरं झालं आलीस,” आत्या म्हणाली. “अक्षरं मोठी कशी करायची ते दाखव. यांचं आठ वर्षांचं साठलंय, आत्ता कुठे दुसऱ्या वर्षात आलोय.”

मी अक्षरं मोठी करून दिली. आतोबांनी घसा खाकरला आणि आपलं बोलणं पुढे सुरू केलं.