लिएनचे टॉवेल

तोमिए आजी पडवीत पर्सिमनची फळं सोलत बसली होती. तेवढ्यात शेजारचा यासुनोरी गळ्यात कोरा टॉवेल अडकवून अंगणात आला.

"वहिनी, तुमच्या त्या व्हिएतनामी पोरीनं दिला. अख्ख्या आळीत वाटत फिरतेय. कधी निघाली ती?"

आजीची सुरी थांबली. या गावात नवं बिऱ्हाड आलं की ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना टॉवेल देतं, आणि गाव सोडताना पुन्हा देतं. लिएन आजीकडे तीन वर्षांच्या करारावर कामाला आली होती, आणि ती तीन वर्षं झाली होती. म्हणजे निघालीच म्हणायची! पण मग परवा तिनं परसात कांद्याची रोपं कशाला लावली? ते कांदे निघणार पुढच्या उन्हाळ्यात. जाणारं माणूस कांदे लावतं का? आणि सगळ्या आळीला टॉवेल, मग आजीलाच तेवढा का नाही? तिचं डोकंच चालेना.

सरळ विचारावं, तर तेही होईना. विचारलं की अडवल्यासारखं होतं, आणि तरण्या पोरीला अडवायचं कशाच्या जोरावर?

लिएन नसली तर शिडीवर चढणार कोण? फळं झाडावर राहिली की डोंगरातली अस्वलं खाली उतरतात. गेल्या साली एक थेट शाळेपर्यंत आलं होतं.

"रविवारी करवत घेऊन ये, झाडंच तोडून टाकू," आजी म्हणाली. झाडं नवऱ्यानं लावलेली होती. तिला रडू येत होतं, म्हणून ती यासुनोरीवर उगाच खेकसली, "आणि चप्पल बाहेर काढ!" तो तर अंगणातच उभा होता.

रविवारी मोटारीच्या करवतीचा आवाज ऐकून लिएन धावत आली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"आजी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"तू चाललीस ना!"

"कोण म्हणालं?"

"टॉवेल वाटलेस की गावभर!"

लिएन बघतच राहिली. "त्या निळ्या छपराच्या घरात तोक्योची बाई राहायला आली. तिला पहिल्याच दिवशी घरोघरी नेलंत, टॉवेल द्यायला. मला कुणी नेलं? अजून मी आपली 'ती व्हिएतनामी पोरगी'. म्हटलं, आपणच जाऊन नाव सांगून यावं."

यासुनोरीनं करवत बंद केली. आजी वरमली. वर्षभरात पळून जाईल, कशाला ओळखी करून द्यायच्या, असं लिएन आली तेव्हा तिनंच ठरवलं होतं.

"बरं, मग मला का नाही दिलास?" तिनं घुश्शातच विचारलं.

लिएनला प्रश्नच कळेना.

"घरच्यांना कोण देतं?"